एका ओळीवर दोन कर्सर

दोघांच्या पडद्यांवर एकच शब्द आहे: ‘गर’. एक जण पुण्यात बसला आहे, दुसरी न्यू जर्सीत. पुण्यातला सुरुवातीला ‘न’ घालतो आणि त्याच्या पडद्यावर ‘नगर’ होतं. नेमक्या त्याच क्षणी न्यू जर्सीतली दुसरं अक्षर, म्हणजे ‘र’, खोडते. तिच्याकडे नुसता ‘ग’ उरतो. मग दोघांचे बदल नेटवर्कवरून एकमेकांकडे पोचतात. पुण्याच्या संगणकाला निरोप मिळतो, ‘दुसरं अक्षर खोड’. तिथे आता दुसरं अक्षर ‘ग’ आहे. ते खोडलं जातं आणि ‘नर’ उरतो. न्यू जर्सीच्या संगणकाला निरोप मिळतो, ‘सुरुवातीला न घाल’, आणि तिथे ‘नग’ तयार होतो. निरोप हरवलेला नाही, दोघांपैकी कोणी चुकलेलंही नाही, तरी एकाकडे नर आणि दुसरीकडे नग. यापुढचा प्रत्येक बदल आणखी भलत्या जागी पडत जाणार.

आज व्हिज्युअल स्टुडिओ कोड किंवा झेड अशा एडिटरमध्ये दोन प्रोग्रॅमर एकाच फाइलवर एकाच वेळी काम करतात तेव्हा हा घोळ होत नाही. दोन रंगांचे दोन कर्सर एकाच ओळीवर फिरतात, एकाचं लिहिणं दुसऱ्याला लिहिता लिहिता दिसतं. यामागे पन्नासहून अधिक वर्षांची खटपट आहे. त्या खटपटीचा माग काढत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोणीतरी एखाद्या ओळीवर अडलेलं असतं, जाणकार दूर असतो, आणि त्या जाणकाराला थेट त्या ओळीपर्यंत नेण्यासाठी कोणीतरी नवी वाट काढतं. या तंत्राला पुढे ढकलणारी मुख्य गरज हीच, असं माझं मत आहे. कोड भराभर लिहून व्हावा ही गरज तिच्यानंतरची.

पहिला ठळक पुरावा ९ डिसेंबर १९६८ चा. सॅन फ्रान्सिस्कोत फॉल जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्स भरली होती. डग्लस एंगलबार्ट मंचावर बसले होते, समोर सुमारे हजार संगणकतज्ज्ञ, आणि त्यांचा संगणक मात्र सुमारे ५० किलोमीटर दूर, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. दीड तासाच्या त्या प्रात्यक्षिकाची आठवण निघते ती माउससाठी. पण त्यातच एंगलबार्टनी मेन्लो पार्कमधले आपले सहकारी बिल पॅक्सटन यांना जोडून घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यात पॅक्सटन यांचा चेहरा, उरलेल्या पडद्यावर दोघांना दिसणारा एकच मजकूर आणि त्यावर दोघांच्या दोन खुणा. मजकुरात बदल करण्याचा अधिकार एंगलबार्टनी स्वतःकडे ठेवला होता. पॅक्सटन यांना बोट दाखवता येत होतं आणि बोलता येत होतं. जोडीने प्रोग्रॅमिंग करताना एकाच्या हातात कीबोर्ड असतो आणि दुसरा नजर ठेवून असतो. ती वाटणी त्या दिवशी पडद्यावर दिसली होती.

पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९६९ ला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी याच स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात ‘लॉगिन’ टाइप करायला घेतलं. ‘एल’ गेलं, ‘ओ’ गेलं आणि तिकडचा संगणक कोसळला. अर्पानेटवरच्या या पहिल्या निरोपाची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. मला तिच्यातला टेलिफोन महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या टोकाला बिल डुव्हाल होते आणि अक्षरं जात असताना दोघे फोनवर एकमेकांशी बोलत होते. दूरच्या दोघांना मिळून काम करायचं तर अक्षरांसोबत आवाज लागतो. पुढे ज्यांनी ज्यांनी आवाज वगळून हे जमवायचा प्रयत्न केला, त्यांचे वापरकर्ते शेवटी फोन उचलतच राहिले.

तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुरतं बोलायचं, तर या साधनाचं माहेर मला इलिनॉय विद्यापीठातल्या ‘प्लेटो’ यंत्रणेत दिसतं. प्लेटो ही शिक्षणासाठी उभारलेली यंत्रणा होती. मध्यवर्ती मोठा संगणक, आणि त्याला जोडलेले, नारिंगी प्रकाशाच्या प्लाझ्मा पडद्यांचे टर्मिनल. धडे लिहायचे ते ‘ट्यूटर’ नावाच्या भाषेत, आणि लिहिणाऱ्यांत वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक असत. १९७३ मध्ये डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी तिथे ‘टॉकोमॅटिक’ तयार केलं. पडद्याचे आडवे पट्टे पाडलेले, प्रत्येक माणसाला एक पट्टा, पाच जणांपर्यंत गप्पा, आणि प्रत्येक अक्षर दाबताक्षणी सगळ्यांना दिसणार. माणूस थबकला, अडखळला, लिहिलेलं खोडून दुसरं लिहायला लागला, तर तेही दिसणार.

त्यानंतर प्लेटोमध्ये आणखी एक सोय आली. कुठल्याही कामाच्या मध्येच ‘टर्म’ नावाची कळ दाबायची, ‘टॉक’ असं टाइप करायचं, आणि पडद्याच्या तळाच्या ओळींवर दुसऱ्या माणसाशी संवाद सुरू. इतकंच नव्हे, तर समोरच्याला आपला पडदा पाहू देता येत असे. आपण जे पाहतोय तेच त्याला त्याच्या जागेवरून दिसे. ट्यूटर भाषेत धडा लिहिताना कोणी अडलं, की ऑनलाइन सल्लागाराला हाक मारायची. तो आपल्या खुर्चीतून न हलता तो कोड बघणार आणि कुठे चुकलंय ते सांगणार. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. आजच्या साधनांमध्ये रंग वाढले, वेग वाढला, पण अडलेल्या माणसाची त्या क्षणीची गरज तेव्हाच इतकी नेमकी ओळखली गेली होती, याचा मला फार आदर वाटतो.

यानंतरची काही वर्षं भराभर ओलांडता येतात. युनिक्सवर दोघांना बोलण्यापुरता ‘टॉक’ हा प्रोग्रॅम आला. १९८७ मध्ये बर्लिनच्या ओलिव्हर लाउमान यांनी ‘स्क्रीन’ लिहिला, आणि पुढे त्याच्या एकाच सत्रात दोघांना शिरता येऊ लागलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतले सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांनी ही युक्ती वापरलेली आहे: दोघांनी एकाच सत्रात शिरायचं, फोन कानाला लावायचा आणि समोरचा काय टाइप करतोय ते पाहायचं. पण यात कर्सर एकच. दोघांनी एकदम कीबोर्डला हात लावला की अक्षरांची खिचडी. एंगलबार्ट, प्लेटो, स्क्रीन ही सगळी एका घराण्यातली मंडळी. यांत मजकूर एकाच जागी असतो आणि दुसऱ्याला तो दाखवला जातो. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत, स्वतःचा कर्सर, आणि तरी मजकूर एक, हे निराळं घराणं. ते अजून जन्मायचं होतं.

त्याआधी चुलत शाखेबद्दल बोललं पाहिजे, कारण प्रोग्रॅमरांच्या रोजच्या कामावर शेवटी राज्य केलं ते तिनेच. अॅमस्टरडॅममध्ये डिक ग्रूने हे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांसोबत एका सी कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नेमाने येणारा, दुसरा मनात येईल तेव्हा, आणि स्वतः ग्रूने यांना फक्त संध्याकाळीच वेळ. तिघांची गाठ पडणं कठीण. म्हणून त्यांनी अशी व्यवस्था रचली की प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर काम करावं आणि बदल नंतर एकत्र करावेत. त्यातून १९८६ मध्ये सीव्हीएस बाहेर आलं. त्याच विचाराच्या वाटेवर पुढे २००५ मध्ये गिट आलं. या शाखेने ‘एकाच वेळी’ ही अटच काढून टाकली. जगातले बहुतेक प्रोग्रॅमर आज याच रीतीने काम करतात आणि त्याला भक्कम कारण आहे. ते कारण पुढे येईलच.

आता ‘गर’ शब्दाकडे. त्या कोड्यावर पहिला नीट उपाय मांडला तो क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी, १९८९ मध्ये. दोघे टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एमसीसी या संशोधन संस्थेत होते आणि ‘ग्रोव्ह’ नावाचा सामूहिक एडिटर बनवत होते. एलिस यांच्याविषयी थोडं जास्त सांगावंसं वाटतं. शिकागोत जन्मलेल्या या माणसाला पंधराव्या वर्षी एका कंपनीत रात्रपाळीची नोकरी मिळाली होती: कंपनीच्या संगणकाची राखण करायची, त्याला हात लावायचा नाही. त्यांनी रात्री जागून त्या संगणकाची माहितीपुस्तकं वाचून काढली. पुढे एकदा कंपनीकडची पंचकार्डं संपली, तेव्हा वापरलेली कार्डं पुन्हा कशी वापरायची हे सांगू शकणारा तिथे तोच मुलगा होता. १९६९ मध्ये ते संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले, आणि ती पदवी त्यांनी मिळवली इलिनॉय विद्यापीठातून, म्हणजे प्लेटो जिथे वाढलं तिथूनच.

एलिस आणि गिब्स यांचा विचार असा. प्रत्येकाने आपल्या प्रतीत ताबडतोब बदल करावा. कोणाची परवानगी मागत थांबू नये, फाइलला कुलूप नको. थांबावं लागलं की लिहिण्याची लय तुटते. मात्र दुसऱ्याचा बदल आला की तो जसाच्या तसा लागू करायचा नाही. आधी विचारायचं, हा बदल झाला तेव्हा त्या माणसाला माझा बदल माहीत होता का? हे ओळखायला घड्याळ कामाचं नाही, कारण दोन संगणकांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक बदलासोबत एक नोंद जाते: तोवर कोणाकोणाचे किती बदल मी पाहिले होते. पुण्याच्या संगणकाला त्या नोंदीवरून कळतं, की न्यू जर्सीतल्या बाईंनी ‘दुसरं अक्षर खोड’ म्हटलं तेव्हा त्यांना आपला ‘न’ दिसलेला नव्हता. आपला ‘न’ पुढे बसल्याने सगळी अक्षरं एकेक घर सरकली आहेत. तेव्हा त्यांचं दुसरं ते आपलं तिसरं. निरोप बदलून ‘तिसरं अक्षर खोड’ होतो आणि पुण्यातही ‘नग’ उरतो. दोन्ही पडदे जुळले. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. आज कुठल्याही सामूहिक दस्तऐवजात आपण निर्धास्तपणे टाइप करतो, त्यातल्या फार मोठ्या भागाखाली हाच विचार आहे.

पहिला उपाय मात्र निर्दोष नव्हता. काही विशिष्ट क्रमाने बदल झाले की ग्रोव्हच्या रीतीतही प्रती वेगळ्या राहू शकतात, हे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं, आणि ती भोकं बुजवण्यात नव्वदचं दशक गेलं. त्यातली सर्वांत व्यवहारी वाट १९९५ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातून आली. डेव्हिड निकोल्स, पॅव्हेल कर्टिस, मायकेल डिक्सन आणि जॉन लॅम्पिंग यांच्या ‘ज्युपिटर’मध्ये सगळे एकमेकांशी बोलतच नाहीत, प्रत्येक जण फक्त मधल्या सर्व्हरशी बोलतो. मग कोडं कितीही जणांचं असो, ते दर वेळी दोघांपुरतंच उरतं. यातले कर्टिस म्हणजे लॅम्डामू चालवणारे. १९९० मध्ये सुरू झालेल्या त्या शब्दमय आभासी जगात दूरदूरचे लोक एकत्र जमत आणि त्या जगातल्या वस्तूंसाठी तिथल्या तिथे प्रोग्रॅम लिहीत. जिवंत चाललेल्या प्रोग्रॅममध्ये बसून अनेकांनी तोच प्रोग्रॅम वाढवायचा, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी प्रकरण वाटतं. मुख्य धारेने ते पुढे नेलं नाही, हे आपलं नुकसान.

प्रोग्रॅमरांनाच याची ओढ का लागली, यालाही उत्तर हवं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ची रीत घडवली. दोघांनी एका संगणकासमोर बसून एकच कोड लिहायचा हा तिचा एक नियम. एका कामाला दोन पगार कशाला, हा व्यवस्थापकांचा प्रश्न ठरलेला. यूटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तेव्हा जोड्यांना मिळून सुमारे १५ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांच्या कोडमध्ये दोषही साधारण तितक्याच टक्क्यांनी कमी निघाले. दोष नंतर शोधून काढण्याचा खर्च ज्याने भरला आहे त्याला हा सौदा पटतो. पण ही रीत दोघांना एका टेबलाशी बसवते. कंपन्यांचे गट दोन खंडांत विभागले गेले आणि टेबल नेटवर्कवर न्यावं लागलं. प्रसून देवान आणि जॉन रीडल यांनी १९९३ मध्येच ‘फ्लेक्स’ नावाच्या संचातून दूरस्थांनी मिळून कोड तपासणं आणि दोष शोधणं करून दाखवलं होतं. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात २००६ पासून ‘सारोस’ वाढला. तो एक्लिप्स या एडिटरमध्ये बसतो आणि प्रत्येकाला स्वतःचा कर्सर देतो.

सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हातात ही गोष्ट त्याआधीच पडली होती, म्युनिकच्या काही विद्यार्थ्यांमुळे. २००३ मध्ये त्यांनी मॅकसाठी ‘हायड्रा’ हा एडिटर आणला. एका खोलीतले, एका नेटवर्कवरचे मॅक एकमेकांना आपोआप ओळखत; कुठलाही पत्ता न भरता समोरच्याचा दस्तऐवज उघडता येई आणि प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसे. त्याच वर्षी त्याला अॅपलचं विद्यार्थी गटातलं पारितोषिक मिळालं. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नाव बदलून ‘सबइथाएडिट’ झालं. परिषदांमध्ये भाषण चालू असताना श्रोते मिळून एकच टिपण लिहू लागले. लिनक्सवाल्यांना २००५ मध्ये ‘गॉबी’ मिळाला.

मग ब्राउझर. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘इथरपॅड’ आलं. एक दुवा पाठवायचा, समोरच्याने उघडायचा, लिहायला लागायचं; काहीही बसवायला नको, खातं नको. ते करणारी अॅपजेट ही छोटी कंपनी मुळात ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची सोय पुरवत होती, म्हणून इथरपॅडवर प्रोग्रॅमर तुटून पडले यात नवल नाही. गूगलने २००९ च्या डिसेंबरमध्ये ती कंपनी घेतली आणि सेवा बंद करण्याचं जाहीर केलं. वापरणाऱ्यांनी एवढा आरडाओरडा केला की सेवा काही काळ चालू ठेवावी लागली आणि त्याच महिन्यात सगळा कोड खुला केला गेला. त्यातून घडलेलं इथरपॅड आजही अनेक संस्थांमध्ये चालतं आहे. त्याच वर्षी मोठ्या गाजावाजाने आणलेली गूगलचीच ‘वेव्ह’ मात्र ऑगस्ट २०१० मध्ये गुंडाळली गेली. ज्युपिटरच्याच घडणीवर उभं असलेलं तिचं यंत्र चांगलं होतं. ते कशासाठी वापरायचं हे लोकांना कळलं नाही.

आता ते राहिलेलं कारण. निबंध दोघांनी एकदम लिहिला आणि एकाचं वाक्य अर्धवट असलं, तर दुसऱ्याचं काही अडत नाही. कोडचं तसं नाही. मी एका फंक्शनच्या मध्यावर असेन, कंस उघडा असेल, व्हेरिएबलचं नाव तीन ठिकाणी बदललं आणि चौथ्या ठिकाणी राहिलं असेल, तर तेवढा वेळ संपूर्ण प्रोग्रॅम मोडलेला असतो. माझ्या सहकाऱ्याचं स्वतःचं काम पूर्ण झालं असेल, तरी त्याला ते चालवून बघता येत नाही. मजकूर दोन्हीकडे तंतोतंत सारखा आहे, आणि दोन्हीकडे सारखाच निकामी. प्रती जुळवण्याचं गणित इथे काहीच मदत करत नाही. गिटने राज्य केलं ते यामुळे: माझं मोडतोडीचं काम माझ्याकडे, धड झालेलं तेवढंच तुमच्याकडे.

या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं ते एमआयटीत मॅक्स गोल्डमन, ग्रेग लिटल आणि रॉब मिलर यांनी, २०११ मध्ये. त्यांचा ‘कोलॅबोड’ हा ब्राउझरमधला जावा एडिटर इथरपॅडच्या पायावर उभा होता, पण एक मोठा फरक करून. प्रत्येकाला आपले बदल लगेच दिसणार. दुसऱ्यांच्या प्रतीत ते मिसळणार ते कंपायलरला त्यात चूक सापडत नाही तेव्हाच. कोड कंपाइल होणं याचा अर्थ तो बरोबर आहे असा होत नाही, हे खरं. तरी ‘आत्ता’ हा शब्द प्रोग्रॅमरसाठी नेमका कधी लागू होतो, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याला चालतं उत्तर दिलं. नंतरच्या लोकप्रिय साधनांनी हा धागा उचलला नाही. तो उचलायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

गणिताच्या बाजूने दरम्यान वेगळीच वाट फुटली होती. फ्रान्समधल्या नान्सीत ओस्टर, उर्सो, मोली आणि इमीन या संशोधकांनी २००६ मध्ये ‘वूट’ ही पद्धत मांडली. अशा रचनांची २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या नावाने काटेकोर व्याख्या केली. इथे अक्षराचा क्रमांक वापरायचाच नाही. प्रत्येक अक्षराला जन्मतःच स्वतःची कायमची ओळख द्यायची. समजा ‘गर’मधला ‘ग’ म्हणजे पुणे-१ आणि ‘र’ म्हणजे पुणे-२. न्यू जर्सीचा निरोप आता ‘पुणे-२ खोड’ असा जातो. पुढे कितीही अक्षरं घुसली तरी पुणे-२ तोच राहतो, आणि निरोप बदलण्याची गरजच उरत नाही. खोडलेलं अक्षर मात्र लगेच फेकून देता येत नाही. ते लपवून ठेवतात, कारण वाटेत असलेला एखादा बदल त्याच्याच शेजारी बसायला निघालेला असू शकतो. जागा जास्त लागते, पण मधला सर्व्हर अनिवार्य राहत नाही. वेव्हवर काम केलेले जोसेफ जेंटल अनेक वर्षं जुन्या पद्धतीचे कैवारी होते. २०२० मध्ये त्यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं.

मराठीत लिहिणाऱ्याला या गणिताची मर्यादा चटकन दिसते. समजा एखाद्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर दाखवायचा शब्द चुकून ‘किमत’ असा लिहिला आहे. दोघांना चूक एकदमच दिसते आणि दोघे एकदमच अनुस्वार देतात. युनिकोडमध्ये अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह आहे. दोघांची चिन्हं वेगवेगळ्या ओळखीची, म्हणून दोन्ही टिकतात. दोन्ही पडद्यांवर दोन अनुस्वारांची ‘किंंमत’ उमटते, आणि काही ठिकाणी दुसरा अनुस्वार ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी दिसतो. अल्गोरिदमच्या लेखी काम चोख झालं, दोन्ही प्रती सारख्या आहेत. राहिलेला कंस दोघांनी एकदम मिटला तर कोडमध्येही हेच होतं, आणि तिथे प्रोग्रॅम चालायचा थांबतो. यावर साधा उपाय आहे, ‘थांब, मी करतो’ असं म्हणणं. म्हणजे पुन्हा आवाज.

नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन साधनं एकाच महिन्यात आली. गिटहबने अॅटम या एडिटरसाठी ‘टेलिटाइप’ काढलं. ते सीआरडीटीवर चालत होतं आणि दोन संगणकांना थेट जोडत होतं. मायक्रोसॉफ्टने ‘लाइव्ह शेअर’ जाहीर केलं. त्यात पाहुण्याला कोड उतरवून घ्यावा लागत नाही, यजमानाच्या संगणकावर चाललेला प्रोग्रॅम दोघे मिळून एकेक पायरी थांबवत तपासू शकतात, आणि तरी प्रत्येकाचा एडिटर, त्याचे रंग, त्याच्या कळा स्वतःच्याच राहतात. अडलेल्या माणसाला सर्वांत जास्त कामाची सोय ती हीच, मिळून दोष शोधण्याची. पुढे गिटहब मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये अॅटम बंद झाला. टेलिटाइप घडवणाऱ्यांपैकी नेथन सोबो आणि सोबत्यांनी झेड हा नवा एडिटर बांधला. त्याचा कोड जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यात सहलेखन पहिल्यापासून आहे आणि बोलण्याची सोयही एडिटरच्या आतच आहे.

मधे २०२० ची कोविडची टाळेबंदी आली होती. पुण्याच्या हिंजवडी, खराडीतली माणसं सातारा, सांगली, लातूरला आपापल्या घरी जाऊन बसली आणि शेजारच्या खुर्चीत वाकून ‘जरा बघ रे’ म्हणण्याची सोय एका आठवड्यात संपली. ज्यांच्याकडे आधीपासून चांगले सहकारी होते त्यांनी निभावून नेलं. त्या काळात नोकरीला लागलेल्या मुलामुलींना मात्र कठीण गेलं, कारण हे काम पाहून पाहून शिकायचं असतं आणि पाहायला शेजारी कोणीच नव्हतं. साधनं तोवर तयार होती. वापरणाऱ्यांना ती माहीत नव्हती, किंवा दुसऱ्यासमोर अर्धवट कोड दाखवण्याचा संकोच होता.

म्हणून जे शिकवतात त्यांना माझी विनंती आहे, मग ते अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकवत असोत, तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग चालवत असोत किंवा कंपनीत नव्यांची जबाबदारी सांभाळत असोत. अडलेल्या ओळीचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर मागवणं बंद करा. त्या फोटोत वरच्या वीस ओळी नसतात आणि चूक बहुधा तिथेच असते. सत्र उघडून दुवा पाठवायला सांगा. लाइव्ह शेअरला पैसे पडत नाहीत, झेड आणि इथरपॅड खुले आहेत. उघडण्याआधी पासवर्ड असलेल्या फाइल बंद करायला सांगा, अनोळखी माणसाला टर्मिनलचा ताबा देऊ देऊ नका. कीबोर्ड शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त कर्सरने जागा दाखवा, आणि फोन चालू ठेवा.